एका वर्षाचा पाहुणा

माझ्या ओटीवरच्या कोनाड्यात एक लाकडी बाबा उभा आहे. उंची हातभर, अंगात निळा झगा, हातात द्राक्षांचा घड, नाकाचा शेंडा उडालेला आणि पाय लाल. येणारा-जाणारा विचारतो, हा कोण? मी म्हणते, पाहुणा आहे, एका वर्षासाठी आला होता. पुढे कोणी विचारत नाही, कारण तेव्हा माझा आवाज काही गोड नसतो. माझी लेक म्हणते, लोक साधं विचारतात, तू खेकसतेस कशाला? खेकसते, माझी मर्जी. पण तिला तरी एकदा सगळं नीट सांगायला हवं, कारण त्या भानगडीत तीही होती. आधी पोटात आणि मग कडेवर.

तेव्हा आम्ही बाळकुमला राहत होतो. ठाण्याच्या बाहेरचं खेडं. एका अंगाला भातखाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं आणि त्यापलीकडे खाडी. खाडीकाठी एका ठेकेदाराने मोहाच्या दारूचा कारखाना घातला होता आणि तिथली तांब्याची यंत्रं चालवायला थेट फ्रान्स देशातून साहेब आणवला होता. गावात त्याला फरासी साहेब म्हणत. आमचे हे त्याचे कारकून. साहेबाचं इंग्रजी मोडकं आणि मराठीच्या नावाने शंख. तो बोले ते हे लोकांना सांगायचे आणि लोकांचं त्याला.

ब्राह्मणाच्या मुलाने दारूच्या भट्टीवर चाकरी करावी, हे माझ्या वडिलांना मुळीच रुचलं नव्हतं. ते कल्याणला भिक्षुकी करायचे, कडक सोवळ्याचे. आगगाडीत कोण कुठला खेटून बसेल म्हणून ते गाडीत पाऊल ठेवत नसत. कल्याणहून कुठे जायचं तर ओहोटीबरोबर होडीने खाली यायचं आणि भरतीबरोबर वर परतायचं. पण ही नोकरी माझ्या लग्नानंतर लागलेली, त्यामुळे त्यांचा इलाज नव्हता. पदरी पडलं पवित्र झालं, एवढं म्हणून त्यांनी विषय सोडला होता.

आमचं बिऱ्हाड कारखान्याच्या आवारातच होतं. दोन खोल्या, एक खिडकी आणि खिडकीसमोर भट्टीची भिंत. बाळकुमात ब्राह्मणाचं दुसरं घर नाही. जी होती ती ठाण्यात तलावापाशी, आणि तिथे मी एकटीने चालत जाणं शक्य नव्हतं. माझं वय सोळा. दिवसभर मी, चूल आणि कुजवलेल्या मोहाचा तो वास. पदराला वास, भाताला वास, केसांनासुद्धा. कधीकधी वाटायचं, दार उघडून सरळ पळत सुटावं, पण पळून जायचं कुठे? समोर मिठागर.

जीव रमायचा तो फक्त संध्याकाळी. हे घरी आले की साहेबाने त्या दिवशी काय काय सांगितलं ते मला सांगायचे. साहेबाला घरची आठवण आली की तो जत्रांच्या गोष्टी काढायचा. त्यांच्या मुलखात म्हणे दर गावाची जत्रा वेगळी. एका गावी लसणीची जत्रा, लोक गळ्यात लसणीच्या माळा घालून नाचतात. एका गावी नासवलेल्या दुधाच्या चाकांची, गाडीच्या चाकाएवढी मोठी. वास म्हणे असा की आपण नाक धरावं, आणि ते लोक तोच वास छातीभर घेऊन वाहवा म्हणतात. एका गावी डुकराच्या रक्ताच्या वळकट्या करतात आणि कोणाची लांब यावर पैज लागते. मी शी शी म्हणायची, नाक मुरडायची आणि म्हणायची, पुढे सांगा.

साहेबाचं स्वतःचं गाव द्राक्षांचं. तिथली जत्रा ऐन थंडीत, आपल्या संक्रांतीच्या पाठोपाठ. द्राक्षं पिकवणाऱ्यांचा एक संत आहे, त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवतात, पुढे वाजंत्री, मागे गोड पावांच्या परड्या. मग नवी द्राक्षाची दारू चाखायची आणि सगळ्या गावाने एका पंगतीला बसायचं. हे सगळं आपल्याकडच्यासारखंच म्हणायचं. पण एक चाल मात्र वेगळी. तो संत देवळात राहत नाही. तो वर्षभर एका घरी राहतो. पुढच्या जत्रेला त्या घरच्या बाईने त्याला आपल्या हाताने उचलून द्यायचं आणि त्याने दुसऱ्याच्या घरी जायचं. ज्याच्या घरी संत, त्याचा त्या वर्षी गावात मान.

साहेबाने ट्रंकेतून तसला एक संत आणला होता आणि बाळकुमला ती जत्रा सुरू केली होती. बंगल्यापाशी त्याने द्राक्षाचा वेल लावला, त्याला पानं आली, द्राक्ष काही लागलं नाही. मग दारू मुंबईच्या बोटीवरून यायची आणि बाकीचं ज्याने त्याने आपल्या घरून आणायचं, अशी साहेबाची आज्ञा. पिपं बांधणारा ख्रिस्ती मिस्त्री डुकराचं मटण आणायचा, पारशी कोठीवाला अंडी घालून काहीतरी, मुकादम आगरी, त्याच्या घरून कोलंबी आणि तांदळाच्या भाकरी. माझ्याकडून गुळाच्या पोळ्या जायच्या. द्यायला आमची हरकत नसते, घ्यायला असते. ते सगळे आवारात मांडी घालून जेवायचे आणि मी खिडकीच्या गजांतून ढोल ऐकायची.

संत पहिल्या वर्षी मिस्त्रीकडे राहिला, दुसऱ्या वर्षी पारशाकडे. तिसऱ्या वर्षी जत्रा संपवून हे घरी आले तेव्हा यांच्या उपरण्याखाली काहीतरी होतं. मला वाटलं भांडं. उपरणं काढलं तर हा.

मला कोणी विचारलं नव्हतं. विचारतं कोण? साहेबाने मान दिला आणि यांनी मान तुकवली. मी म्हटलं, नाही म्हणता आलं नाही? हे म्हणाले, साहेबाला काय सांगणार, तुमचा देव आम्हाला चालत नाही म्हणून? एका वर्षाचा तर प्रश्न आहे. साहेबाची वस्तू आहे असं समज, खुर्ची-टेबल ठेवतो तशी. त्यांनी तो ओटीवरच्या कोनाड्यात ठेवला आणि हातपाय धुतले. मला तेव्हा पाचवा महिना होता.

चार दिवसांनी माझं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. ठाण्याच्या तलावापाशी राहणाऱ्या पाच सवाष्णींना मी यांच्याकडून बोलावणं धाडलं होतं, त्या बैलगाडीने यायच्या होत्या. वर्षात एकदा माझ्या घरात बायका बसणार, बोलणार, हसणार, म्हणून मी जीव टाकून तयारी केली. ओटी सारवली, रांगोळी काढली, तिळगूळ केला, वाणाला सुगडं भरली, कुंकू थेंबभर तेलात कालवून ठेवलं. मधल्या वेळी गाडी यायची. आली नाही. उन्हं उतरली तरी आली नाही. दिवेलागणीला मुकादमाची बायको कुंपणापाशी आली, ती सगळीकडची खबर ठेवायची. तिने बिचकत सांगितलं की तलावापाशी बोलवा झाली आहे, कारकुनाने घरात पाद्र्यांचा देव आणून ठेवला, बाटले म्हणतात ते.

मी आत आले. सुगडं भरलेली, तिळगूळ तसाच, कुंकू कालवलेलं. मला भयंकर संताप आला. पाचातली एकही येऊ नये? एकीनेही विचारू नये? मग कोनाड्याकडे लक्ष गेलं. तो उभा होता, नाक तुटलेला, परक्या गावात. यांनी सांगितलं होतं की त्या बिचाऱ्याला कोणा राजाने जाळीवर भाजून मारलं. मी म्हटलं, ठीक आहे, आज माझ्या घरी तूच आला आहेस. बोट कुंकवात बुडवलं आणि त्याच्या पायांना लावलं. समोर तिळगूळ ठेवला, निरांजन ओवाळलं. घरात देव आला आणि दिवाबत्तीवाचून राहिला, हे मला कोणी शिकवलंच नव्हतं.

आणि मग ते रोजचंच झालं. सकाळी देवघरातली पूजा झाली की उरलेल्या कुंकवाचं बोट त्याच्या पायांना. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकटीला बोलायला कोणी नव्हतं, त्याच्याशी बोलायची. हीच माझी चूक, आणि आमच्या घरात वाढलेल्या मुलीशिवाय ती दुसऱ्या कोणाच्या हातून झाली नसती.

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. सातव्या महिन्यात, चैत्रात, वडील मला न्यायला आले. मी आठवडाभर आधीपासून बोचकं बांधून बसले होते. आई दिसणार, आईच्या हातची पेज मिळणार, या वासातून सुटणार. यांनी वडिलांना आधीच पत्र घातलं होतं की लोक बोलतात त्यात तथ्य नाही, साहेबाची एक लाकडी वस्तू तेवढी आमच्याकडे ठेवायला दिली आहे. वडिलांनी ते मान्य केलं होतं. कडक असले तरी न्यायाने वागायचे. ते पायरीशी आले, चपला काढल्या, मी पाण्याचा तांब्या पुढे केला. त्यांनी तांब्याला हात घातला आणि वर बघितलं.

"याला कुंकू कोणी लावलं?"

खोटं बोलता आलं असतं. मुकादमाची बायको लावते म्हटलं असतं तरी खपलं असतं. पण वडिलांपुढे खोटं बोलायला माझी जीभ कधी वळली नव्हती. मी म्हटलं, मी लावलं.

त्यांनी तांब्या खाली ठेवला. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. ते हळू बोलले. "वस्तू होती तोवर माझं काही म्हणणं नव्हतं. तू त्याचा देव केलास. आता हा या घरात आहे तोवर मला इथलं पाणी चालत नाही आणि तुला आमच्या घरचं दार नाही. हा जाईल त्या दिवशी होडी आणीन. प्रायश्चित्त घे, मग घर तुझंच आहे." आणि पाणी न पिता उन्हात परत गेले. माझं बोचकं दारातच राहिलं.

मी त्या बाबाला खाली काढला आणि पाय घासले. राखेने, चिंचेने, काथ्याने, बोटांची सालं जाईपर्यंत घासले. कुंकू वरचं गेलं. तेलाबरोबर लाकडात मुरलेलं होतं ते जाईना.

हे म्हणाले, नऊ महिने काढ, जत्रेला तो मुकादमाकडे जाणारच आहे. मी मोजायला लागले. भिंतीवर कोळशाने रोज एक रेघ ओढायची. कारखान्याची घंटा, भट्टीची भिंत, रेघ. तलावापाशीचा भटजी ओटभरणालाही आला नाही. बाळंतपण याच खोलीत झालं, मुकादमाच्या बायकोच्या हाताखाली. ती गावची सुईण होती. कळा येत होत्या तेव्हा मी आई आई करून घर डोक्यावर घेतलं. ती म्हणाली, "ररू नको बाय, मी हाय ना." होतीच ती. तिचे उपकार मी विसरले नाही. पण मला आई हवी होती, त्याला काय करणार?

मुलगी झाल्याचं पत्र गेलं. उत्तरात वडिलांनी आशीर्वाद लिहिला आणि खाली एक ओळ की तुझ्या आईने बाळाला झबलं शिवलं आहे, आपल्या हाताने अंगात घालीन म्हणते. ते पत्र मी इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं.

रेघा वाढत गेल्या. मुलगी पालथी पडली, बसली, रांगायला लागली. संक्रांत आली. मुकादमाने आपल्या घरी संतासाठी भिंतीत कोनाडा करून चुना काढला, त्याची बायको मला दाखवायला घेऊन गेली. मी बाहेर पडले ते वर्षात पहिल्यांदा. कल्याणला पत्र गेलं होतं, जत्रेच्या दिवशी या. जत्रेच्या सकाळी मुकादमाच्या बायकोने येऊन सांगितलं की होडी आली आहे, ओहोटी असल्याने चिखलापलीकडे उभी आहे, आणि तुझी आईही आहे होडीत. मी धावणारच होते, पण वडिलांची अट माहीत होती. म्हटलं, आधी हे ओझं देते, मग मोकळ्या हाताने जाते. भरती सुरू झाली की होडीला निघावं लागणार होतं. त्याला अजून बराच वेळ होता.

बंगल्याच्या व्हरांड्यात सगळे जमले होते. ढोल, पावांच्या परड्या, मिस्त्रीची सारंगी. लेकीला मी मुकादमाच्या बायकोकडे दिली आणि संताला दोन्ही हातांत घेऊन पुढे गेले. साहेब उंच, लाल तोंडाचा, माणूस वाईट नव्हता. त्याने हात पुढे करून संत घेतला आणि त्याची नजर पायांवर गेली. तो लाल रंग बोटाने चोळून पाहिला. मग यांना काहीतरी विचारलं. हे घुटमळले, मग बोलले. साहेबाच्या डोळ्यांत पाणी आलं. तो लोकांकडे वळून बराच वेळ बोलला आणि हे खाली बघत एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. साहेब म्हणतात, माझ्या गावातसुद्धा याची अशी सेवा कोणी केली नाही. साहेब म्हणतात, ज्या घरात याचे पाय पूजले तेच याचं घर. साहेब म्हणतात, आता हा फिरणार नाही, कारकुनाच्या घरीच राहील, कायमचा.

मुकादम मागे सरला. ढोलवाला वाजवायला लागला, त्याला मी हात करून थांबवलं. पुरुषांत मी कधी तोंड उघडलं नव्हतं.

"त्यांना सांगा," मी यांना म्हटलं, "माझी आई होडीत बसली आहे. भरतीच्या आत हा माझ्या घरातून गेला पाहिजे. त्यांना सांगा."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग साहेबाकडे वळून इंग्रजीत बोलले. साहेबाने ऐकलं, डोक्यावरची टोपी काढली, कमरेत वाकून मला नमस्कार केला आणि संत माझ्या हातांत परत ठेवला. मला इंग्रजी येत नाही. पण मी सांगितलं होतं ते ऐकून कोणी टोपी काढून नमस्कार करत नाही, एवढं मला कळतं.

पुढे पुष्कळ वर्षांनी हे एकदा म्हणाले, नोकरी गेली असती तर तुम्हा दोघींना काय खायला घातलं असतं? खरं आहे. तेही अडकलेलेच होते. मी त्यांना क्षमा केली असं लोक म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला.

मी संताला व्हरांड्याच्या पायरीवर ठेवलं, लेकीला उचललं आणि खाडीकडे पळाले. पाणी चढायला लागलं होतं, होडी आता काठाच्या बरीच जवळ आली होती. वडील पुढच्या टोकाला बसले होते. त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं, त्यांना विचारावं लागलं नाही. ते पलीकडच्या काठाकडे तोंड करून बसले. आई उभी राहिली. होडी डुचमळली, नावाड्याने तिला बसवलं. मी लेकीला वर उचलून धरली, हात दुखेपर्यंत. आई बघत होती. मला वाटलं रडेल, काही म्हणेल, वडिलांशी भांडेल. ती एवढंच म्हणाली, "दात आले का गं?"

"दोन," मी म्हटलं. "खालचे."

आईने मान हलवली. नावाड्याने वडिलांना काहीतरी विचारलं, वडिलांनी हात केला. मग तो गुडघाभर पाण्यात उतरला, आईकडून एक पुडकं घेतलं, काठावरच्या दगडावर ठेवलं आणि परत चढला. भरतीचं पाणी होडीला आपणहून वर न्यायला लागलं. वळणापर्यंत आई दिसत होती. नंतर ती मला दिसली नाही. दोन वर्षांनी तापाने गेली. साहेब आपल्या देशी परतला तो त्यानंतर एका वर्षाने, संत इथेच ठेवून. हे म्हणाले, आता देऊन टाकू कोणाला तरी. मी म्हटलं, राहू दे. आता टाकून मी कोणाला दाखवणार?

त्या दिवशी होडी दिसेनाशी झाल्यावर मी दगडावर बसून पुडकं सोडलं. पांढऱ्या मऊ कापडाचं झबलं होतं, गळ्याला लाल दोरा, आईचा बारीक टाका. मी लेकीला ते घालायला गेले. डोकं कसंबसं निघालं. हात बाहीत कोपरापर्यंत गेला आणि अडकला. जन्मलेल्या बाळाच्या मापाने शिवलं होतं.